कशाला पायजे ते आधी सांग

बोईसरला औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नट-बोल्टचं एक दुकान होतं. तिथे नुसतं माप सांगून माल मिळत नसे. “बारा एमएमचे चार बोल्ट द्या,” असं कोणी म्हटलं, की काउंटरमागून प्रश्न यायचा, “कशाला पायजे?”

गिऱ्हाईक बहुतेक घाईत असायचं. कारखान्यातून पिटाळलेला एखादा फिटर असायचा, मागे मशीन उघडं टाकून आलेला.

“अम्मा, दे दो ना जल्दी. मशीन खुला पडा है.”

“मशीन खुला है, तो उसका मुंडी तेरे पे पडेंगा. फिर बोलेंगा, अम्मा ने गलत दिया. पयले बोल, किदर लगाने का?”

अशी त्यांची हिंदी. माणूस वैतागत सांगायला लागायचा. मग त्या विचारायच्या, तो भाग हलतो का, गरम होतो का, वर माणूस उभा राहतो का. बऱ्याचदा शेवटी असं निघायचं, की त्याने मागितलेला बोल्ट त्या जागी चालणारच नव्हता. काही जण आभार मानत, काही जण शिव्या घालत दुसऱ्या दुकानात जात. दोन्हींचा त्यांच्यावर सारखाच परिणाम व्हायचा, म्हणजे काहीच नाही.

बाजारात कोणी त्यांना अम्मा म्हणायचं, कोणी बाई. मी काकी म्हणायचे. चिंचणीच्या मच्छीमार घरातल्या, साठीच्या पुढच्या. बुटक्या, काटक, सुकवलेल्या बोंबलासारख्या. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच स्वतःबद्दल म्हणायच्या. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं आणि पायात कारखान्यातले जाड काळे सेफ्टी बूट. तारापूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी वीसेक वर्षं काढली होती, ती सवय तिथली. बूट झिजले की त्या तसलेच नवे आणायच्या. देवळातही त्याच बुटांनी जायच्या, फक्त पायरीशी काढून ठेवायच्या आणि दर्शन घेताना मान मागे वळवून बघायच्या.

त्यांच्या पुतणीच्या लग्नातली एक गोष्ट चिंचणीत अजून सांगतात. मांडवात दिव्यांसाठी लोखंडी कमान उभारली होती. नवरा-नवरी बोहल्यावर आली, अंतरपाट धरला, आणि काकी भटजींना म्हणाल्या, “थांबा जरा.” त्यांनी कमानीच्या पायाशी बसून एक नट बोटाने फिरवून दाखवला. बोटाने! मांडववाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मुहूर्त टळेल. काकी म्हणाल्या, “मुहूर्त टळला तर दुसरा मिळंल. नवरदेव चपटला तर?” वऱ्हाडी हसले, नवऱ्याची आई रागावली, पण कमानीचे सगळे नट आवळून झाल्याशिवाय काकींनी मंगलाष्टकं सुरू होऊ दिली नाहीत. त्यानंतर नातेवाइकांत लग्न निघालं, की मांडववाला आधी विचारायचा, बुटवाली काकी येणार आहे का?

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडणासाठीच गेल्यासारखी.

मी उमरोळीची. तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, ती बंद पडली. घरी वडिलांची जुनी जीप होती आणि ती मला चालवता येत होती, एवढंच भांडवल. पॅकिंगला माझ्याबरोबर विक्रमगडकडच्या पाड्यांवरच्या दोन मुली होत्या. त्यांच्या आया घरचं भात डोक्यावर घेऊन दोन टेकड्या ओलांडून गिरणीत भरडायला नेतात, जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो, हे मी त्यांच्याकडून ऐकलं होतं. मला वाटलं, गिरणीच पाड्यावर नेली तर? पालघरमधून भात भरडायची छोटी गिरणी घेतली, डिझेलचं इंजिन घेतलं आणि दोन्ही एका दोन चाकी ट्रेलरवर बसवून घेतली. जीपला मागे ट्रेलर अडकवायचा हूक लावायचा राहिला होता. एका गॅरेजवाल्याने हुकाची प्लेट तयार केली, जीपच्या चासीला भोकं पाडली आणि मला सांगितलं, “बारा एमएमचे सहा बोल्ट घेऊन या, पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“कशाला पायजे?” काकींनी विचारलं.

मी सांगितलं.

“चढाव-उतार हाय रस्त्यात?”

“आहे की. डोंगरातच जायचंय.”

“ट्रेलर केवढा? गिरणी-इंजिन धरून?”

मी अंदाजाने सांगितलं, सहाशे किलोच्या आसपास. त्या काउंटरवरून उठल्या, कोपऱ्यातला गोणपाट उचलला, बाहेर रस्त्यावर आल्या आणि माझ्या जीपखाली शिरल्या. दोन रिक्षा हॉर्न वाजवत थांबल्या. जीपखालून फक्त बूट दिसत होते.

“हे भोक कोणी पाडलं?” खालून आवाज आला.

“गॅरेजवाल्यानं.”

“गॅस कटरनं?”

“हो, बहुतेक.”

“हे भोक नाय. हे बीळ हाय. ह्याच्यात उंदीर ऱ्हायला येईल, बोल्ट नाय ऱ्हायचा.”

बाहेर येऊन त्यांनी लुगडं झटकलं आणि आत जाऊन जागेवर बसल्या. बोल्ट दिला नाही. मी म्हटलं, काकी, भात कापणी संपत आली, मला आठ दिवसांत सुरुवात करायचीय. त्या म्हणाल्या, “मग नवीन भोकं पाडून घे. ड्रिलनं. त्या बिळात मी माझा बोल्ट घालू देणार नाय.”

मला राग आला. कोण कुठली बाई, मी कुठे काय बसवायचं हे ही ठरवणार? मी पुढच्या चौकातल्या दुकानात गेले आणि सहा स्टेनलेसचे बोल्ट घेतले. समुद्राच्या हवेत साधं लोखंड गंजतं, स्टेनलेस गंजत नाही, एवढी अक्कल मला होती. चकचकीत, आरशासारखे बोल्ट होते. घरी जाताना परत त्यांच्या दुकानावरूनच जावं लागतं. काकी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या.

मी ब्रेक मारला.

“दुसरीकडनं घेतलेस ना? दाखव.”

मी पिशवी दिली. त्यांनी एक बोल्ट उन्हात धरला, फिरवून बघितला.

“छान हायेत. देवघराला लाव.” मग पिशवी परत माझ्या मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “बाय, हे गंजत नाय, खरं हाय. पण ह्याच्यात तेवढी ताकद नाय. तू डोंगर उतरशील, ट्रेलर मागनं रेटंल. उद्या सकाळी ये. जीप घेऊन ये. आपण बसवू.”

त्या ‘आपण’मुळे मी गेले.

पंधरा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागले. गॅरेजवाल्याची प्लेट त्यांनी बाजूला ठेवली आणि ओळखीच्या कारागिराकडून नवी करून घेतली, भोकं ड्रिलने पाडलेली, बोल्ट जेमतेम जाईल एवढीच. चासीतली बिळं वेल्डिंगने बुजवायला लावली आणि त्यांच्यापासून लांब, निरोगी पत्र्यात नवी भोकं. चासी आतून पोकळ असते, बोल्ट आवळला की ती दबते आणि मग बोल्ट सैल पडतो, म्हणून प्रत्येक भोकात आतून एक पाइपचा तुकडा. जिथे प्लेट चासीला टेकणार तिथला रंग त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढला. मी म्हटलं, रंग असलेला बरा ना, गंज धरणार नाही.

“रंग दबतो. आज तू आवळशील, म्हयन्याभरात रंग चेपंल, आणि तेवढीच फट पडंल. लोखंडाला लोखंड भिडू दे. रंग भायेरनं लाव, पायजे तेवढा.”

मग बोल्ट आले. काळे, दिसायला अगदी साधे. प्रत्येकाच्या डोक्यावर आकडे कोरलेले. काकींनी चष्मा पुसून मला आकडे वाचायला लावले. त्यावरून त्याची ताकद कळते, नटावरही तसाच आकडा हवा, बोल्ट तालमीतला आणि नट बाजारबुणगा असं चालत नाही. मग लांबी. नट बसल्यावर दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. आणि आट्यांचा भाग प्लेट आणि चासी जिथे भेटतात तिथे येता कामा नये, तिथे बोल्टचा गुळगुळीत दांडाच हवा. मला तोपर्यंत वाटायचं, बोल्ट म्हणजे लोखंडी खिळा, वजन त्याला टांगलेलं असतं. काकींनी आपले दोन तळहात एकमेकांवर दाबून धरले आणि म्हणाल्या, ओढ. मी ओढलं, सुटेनात. “बोल्ट वजन उचलत नाय. बोल्ट असं दाबून धरतो. दाब गेला, की बोल्ट एकटा पडला. एकटा किती टिकंल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जीपखाली पाठीवर झोपलो. पहिले तीन बोल्ट त्यांनी बसवले.

“आधी बोटानं. बोटानं जात नसंल तर पान्ह्यानं पण धाडायचा नाय. काढ, बघ काय अडतंय.”

सहाही बोटाने बसल्यावर मग पान्हा. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा. शेवटी त्यांनी एक लांब पान्हा काढला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. ठरलेल्या ताकदीला पोचला की तो टक् वाजतो. तो पान्हा त्या कोणाला देत नसत, सख्ख्या भावाला दिला नव्हता. तीन टक् झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. “उरलेले तू.”

मी दात-ओठ खात ओढत होते. घाम डोळ्यांत जात होता. टक् वाजलं की त्या “हां” म्हणायच्या. चवथा, पाचवा, सहावा. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर, बोल्टवरून प्लेटवर एकेक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. त्यांच्या स्वतःच्या बोटांची नखं तेलाने काळी होती, त्यांवर उभ्या जन्मात रंग चढला नसेल. नेलपॉलिशवाला त्यांचा ठरलेला होता आणि त्याला वाटायचं, ह्यांना तीन-चार सुना असाव्यात.

हुकाखालून दोन साखळ्या फुलीसारख्या बांधून दिल्या, हूक सुटलाच तर ट्रेलर साखळीवर लटकावा म्हणून. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा आवळून घ्यायला यायचं, अशी तंबी दिली. मी म्हटलं, “काकी, तुमचे उपकार—”

“घट्ट झालं ना? मग झालं. जा.”

आभार मानून घेणं त्यांना जमत नसे. कोणी मानायला लागलं की त्या काउंटरवरचे वायसर मोजायला लागायच्या.

गिरणी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाड्यावर मोजून चार बायका आल्या. तिसऱ्या खेपेला रांग लागली. मी आठवड्याचे पाच दिवस पाच पाडे करत होते. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट तपासून घेतले, जरासे फिरले, काकींनी नव्या रेघा ओढल्या. सगळं ठीक होतं.

महिनाभराने, एका मंगळवारी, मी वरच्या अंगाच्या एका पाड्यावर होते. तिथे रस्ता संपतो. जीप उताराच्या डोक्यावर उभी, मागे ट्रेलर, इंजिन धडधडतंय, तुसाची धूळ उडतेय. खाली वळणावर पाड्याचा हातपंप आहे, दिवसभर तिथे कोणी ना कोणी कळशी घेऊन उभं असतं. बारा वाजून गेले होते. एक बाई मला म्हणाली, “ताई, ती तुजी कोणी हाय का?”

उतारावरून काकी चढून येत होत्या. लुगडं खोचलेलं, पायात बूट, डोक्यावर कापडी पिशवी. तोंड उन्हाने तांबडं झालेलं. मी इंजिन बंद करून धावले.

“काकी? तुम्ही इथे कशा?”

“जीप हलवलीस?”

“सकाळी आले तेव्हापासून इथेच आहे.”

“हलवू नको.”

पाणी दिलं तर घेतलं नाही. पिशवी उतरवली, गोणपाट अंथरला आणि थेट जीपखाली गेल्या. मी मागोमाग. रेघा जागच्या जागी होत्या. मला हायसं वाटलं. काकींना वाटलं नाही. त्यांनी लुगड्यातला पान्हा काढून पहिल्या नटाला लावला. ओढला. टक् वाजलं. दुसरा, टक्. तिसऱ्याला लावला, ओढला, नट फिरला. आणखी ओढला, आणखी फिरला. टक् वाजेचना. तो आवळतही नव्हता आणि सुटतही नव्हता, नुसता पेढ्यासारखा मऊ फिरत होता. काकींनी डोळे मिटले.

सहाही बोल्ट त्यांनी काढले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पाड्यावरच्या दहा-बारा बायका जीपभोवती जमल्या होत्या. काकींनी तो तिसरा बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. मधोमध त्याची कंबर बारीक झाली होती, कोणीतरी दोन्ही टोकांनी धरून ताणल्यासारखी.

मग मला सगळं कळलं. सकाळी दुकान उघडताच एक वेल्डर आला होता, दोन दिवसांपूर्वी नेलेल्या बोल्टचं डोकंच त्याच्या हातात आलं होतं. पुडकं तेच, ज्यातले माझ्या हुकाच्या सहा बोल्टांपैकी चार होते. डोक्यावर आकडा खरा, आतलं लोखंड खोटं. काकींनी पुडक्यातले आणखी तीन शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून मोडून बघितले. तिन्ही वाकले. त्यांनी मला फोन केला, पाड्यावर रेंज नव्हती. माझ्या नवऱ्याला फोन करून पाडा विचारला, शटर ओढलं, एसटी पकडली, पुढे टमटम, आणि टमटम जिथे संपते तिथून पायी.

पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई पुढे आली. “काय झालं गं?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. म्हणणार होते, काही नाही, जरा सैल झालं होतं. काकींनी मला बोलू दिलं नाही.

“मी हिला खोटा माल दिला,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मला खरा वाटला. तपासला नाय. संध्याकाळी ही खाली उतरली असती आणि हे तुटलं असतं, तर ट्रेलर त्या पंपावर गेला असता. चूक माजी हाय. हिची नाय.”

तिथे असं कोणी नव्हतं ज्याला त्यांच्या न सांगण्याचा पत्ता लागला असता. साखळ्या होत्या, कदाचित काहीच झालं नसतं. बोल्ट गुपचूप बदलून त्या मला म्हणू शकल्या असत्या, सहज तपासायला आले. मी विश्वास ठेवला असता.

म्हातारीने तो बोल्ट माझ्या हातातून घेतला, उलटसुलट बघितला आणि काकींना म्हणाली, “तू कुठून आली?”

“बोईसर.”

“चालत?”

“थोडी.”

“जेवली?”

काकींनी पिशवीकडे हात नेला. म्हातारी म्हणाली, “आधी तुजा काम कर. मंग जेव.”

नवे सहा बोल्ट काकींनी पिशवीतून काढले. प्रत्येक पुडक्यातला एक मोडून बघूनच आणलेले. या वेळी त्यांनी एकही माझ्या हातात दिला नाही, सगळे स्वतः बसवले. मग म्हातारीच्या ओसरीवर आम्ही जेवलो. सकाळीच माझ्या गिरणीतून निघालेल्या तांदळाचा भात, उडदाचं बेसन आणि सुकी मासळी. मासळी म्हातारीने बाजारातून घेतलेली. काकींनी एक तुकडा मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, “ही आमच्या चिंचणीची हाय. मीठ कमी घातलंय, आळशी बाईनं सुकवलीय.” म्हातारी हसली तेव्हा कुठे काकींच्या तोंडावरचा ताण उतरला.

परत येताना जीपमध्ये, मनोर मागे पडल्यावर, मी विचारलं नसताना त्या बोलायला लागल्या.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर माप लिहिलेलं असायचं, काकी त्या मापाचा बोल्ट काढून द्यायच्या. एकदा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. काकींना त्या बोल्टचं माप त्या खात्यासाठी विचित्र वाटलं. तोंडावर आलं होतं विचारायचं, कशाला पायजे. पण पाठीमागे पाच जण उभे होते, आणि विचारणं त्यांचं काम नव्हतं. त्यांनी दिला. तो बोल्ट वजन उचलायच्या कप्पीला लागला. आठवड्याने कप्पी खाली आली. खाली उभ्या असलेल्या माणसाचा पाय गुडघ्यातून गेला.

“चौकशी झाली. माजं नाव कुठंच आलं नाय. चिठ्ठीपरमाणं दिलं होतं ना मी. साहेब म्हणाला, बाई, तुमी घाबरू नका, तुमचा काय संबंध नाय.” काकी खिडकीबाहेर बघत होत्या. “तेच मला लागलं बघ. संबंध नाय म्हणाला ते.”

“तो माणूस?”

“हाय. केळव्याला वाडीत ऱ्हातो. नारळाचा धंदा करतो. मी जाते कधीमधी. त्याला सांगितलं मी. तो म्हणाला, काकी, तुमी विचारलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं.” मग म्हणाल्या, “नसतं ऐकलं कदाचित. पण विचारायला पायजे होतं.”

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि दुकान टाकलं. हे एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या ‘कशाला पायजे’चा मला कधी कंटाळा आला नाही.

त्या खोट्या पुडक्यातले बोल्ट काकींनी एकेक करून परत गोळा केले. कोणी काय नेलं हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. एका झोपाळ्याचे चार त्यांनी उमरोळीत भर दुपारी, झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांना उठवून काढले. माल पुरवणाऱ्या माणसाला दुकानात बोलावून त्याच्यासमोर एक बोल्ट पकडीत धरून वाकवला. तो म्हणाला, बाई, मीही फसलो. काकी म्हणाल्या, “मग तू पण फिर आता, माज्यासारखा.” तो फिरला की नाही ठाऊक नाही. त्याचा माल मात्र त्यांच्या दुकानात पुन्हा दिसला नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या पुडक्यातला एक बोल्ट विकण्याआधी मोडला जाऊ लागला.

मी त्यांच्याकडून किती शिकले, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. चाकाचा नट कोणत्या क्रमाने आवळायचा, गंजलेला बोल्ट काढताना हातोडी नाही, तेल आणि धीर कसा वापरायचा, एकदा वापरलेला नायलॉनचा नट पुन्हा का लावायचा नाही. पाड्यांवर आता कोणाची मोटरसायकल अडली, की मला हाक मारतात. एका पाड्यातल्या बायकांनी गटाने स्वतःची गिरणी घेतली, तिच्या ट्रेलरचा हूक मी आणि त्यांच्यातल्या दोघींनी मिळून बसवला. या कामावर माझं घर चालतं, माझी मुलगी पालघरच्या कॉलेजात शिकते. हे सगळं त्यांना सांगायला गेले, की त्या वायसर मोजायला लागायच्या. म्हणून मी सांगायचं सोडलं आणि भाताचा हंगाम आला, की पाड्यावरचा पहिला तांदूळ त्यांच्या काउंटरवर नेऊन ठेवायला लागले. तो त्या घ्यायच्या. “ह्याचा भात चिकट व्हतो, पण गोड हाय,” म्हणायच्या.

मग त्यांचे गुडघे गेले. जीपखाली शिरणं बंद झालं, नंतर काउंटरवर बसणंही अवघड झालं. त्यांची मुलगी वलसाडला असते, ती न्यायला येणार असं ठरलं. दुकान आवरलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, पाड्यावर येता का? म्हातारी आठवण काढते. त्या नको म्हणतील असं वाटलं होतं. लगेच तयार झाल्या. त्यांना पुढच्या सीटवर बसवताना मला दोन्ही हातांनी उचलावं लागलं.

दिवसभर त्या म्हातारीच्या ओसरीवर बाजेवर बसून होत्या. दोघी काय बोलत होत्या कोण जाणे, मधूनमधून हसायच्या. मी भात भरडत होते. ऊन उतरल्यावर इंजिन बंद केलं, ट्रेलर जीपला जोडला, साखळ्या लावल्या आणि त्यांना पुन्हा उचलून बसवलं.

जीप सुरू करायच्या आधी म्हटलं, “काकी, या वर्षी सगळे बोल्ट नवे घातलेत.”

“कोणी आवळले?”

“मी.”

मला वाटलं आता त्या विचारतील, आकडा बघितलास का, एक मोडून बघितलास का, पान्हा वाजला का. मी उत्तरं तयार ठेवली होती. खरं म्हणजे, त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

मी पहिला गिअर टाकून उतरायला लागले. मागचं वजन जीपला रेटत होतं. पंपावर तीन मुली कळशा भरत होत्या, त्यांनी हात हलवला. वळण घेऊन मी काकींकडे बघितलं. त्यांनी मागे वळून ट्रेलरकडे बघितलेलंही नव्हतं. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल सोडलेले. काकी गाढ झोपल्या होत्या, बारीक घोरत होत्या.

मी ब्रेक जपून दाबत, खड्डे चुकवत सगळा डोंगर उतरले. मनोर आलं, हमरस्ता आला, ट्रक हॉर्न वाजवत बाजूने जायला लागले. त्यांना जाग आली नाही आणि मीही त्यांना उठवलं नाही.